खालची खोली आणि इराचं मराठी

आधीच सांगून टाकते – या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. कुणाच्या घरात ठकठक झाली की मी नवऱ्याला म्हणायची, प्लंबर बोलवा म्हणावं. मी सिव्हिल इंजिनिअर, ड्रेनेजची कामं करते. भिंतीतून आवाज आला तर पाइप, वास आला तर ओल... यापलीकडे माझी मजल जात नाही. जात नव्हती.

इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला डोंगराच्या बाजूला आम्ही घर घेतलं. उतारावरचं, त्यामुळे रस्त्यावरून बघितलं तर एकमजली, मागच्या अंगणातून दुमजली. खालच्या खोलीची एक लांब भिंत अख्खी डोंगरात गाडलेली, समोर अंगणात उघडणारं दार. आधीच्या मालकांनी, एका इटालियन म्हाताऱ्या जोडप्यानं, ती झकास फिनिश करून ठेवली होती – कार्पेट, भिंतींवर प्लास्टरबोर्डचं अस्तर, दिवे, सगळं. मी स्वतः ओल तपासली, टिपूससुद्धा नाही. मग तिथे आमच्या इराची प्लेरूम केली. पिवळा रंग, पुस्तकांची शेल्फं आणि पुण्याहून आणलेली पितळी भातुकली.

इरा तेव्हा चार वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. 'इरा, जेवायला चल' म्हटलं की 'इन अ मिनिट, मम'... इथल्या प्रत्येक मराठी घरात हेच रडगाणं आहे. मी चिडायची. समीर, माझा नवरा, म्हणायचा, जाऊ दे गं. त्याला काय, त्याला कशाचंच काही नसतं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या, इराला सांभाळायला. आम्ही दोघं ऑफिसला. महिन्याभरात इरा मराठी बोलायला लागली. तेही कसं – 'अगं, थांब की जरा', 'असं नाही करायचं, शहाणी ना तू?' मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. सासूबाईंना म्हटलं, तुमची कमाल आहे. त्या म्हणाल्या, छे, सगळं श्रेय तुझं. मला वाटलं, मोठेपणा करतायत. सासूसुनांनी एकमेकींचं कौतुक करायचा योग आमच्याकडे काही रोज येत नाही, म्हणून मी खोलात शिरलेच नाही. उलट मंडळातल्या मैत्रिणींपुढे मिरवलं, वर त्यांना सल्लेही दिले! मराठी ती फक्त खाली बोलायची, वर आली की पुन्हा इंग्लिश. हे दिसत होतं मला. पण बोलतेय ना पोर, मग खेळू दे हवं तितकं, असं म्हणून मीच तिला जास्त वेळ खाली पाठवायला लागले.

एका शनिवारी समीर सासूबाईंना घेऊन सिडनीला, हॅरिस पार्कला भारतीय किराणा आणायला गेला. घरात मी आणि इरा. दुपारी मी वर पोळ्या करत होते, खालून तिचं बोलणं येत होतं. बोलायची, थांबायची, हसायची, पुन्हा बोलायची. मुलं खेळतात तसंच. पोळ्या झाल्यावर हाक मारली. 'आले हं' म्हणाली. आली नाही. परत हाक मारली. मग मी खाली गेले.

डोंगराकडच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून मांडी घालून बसली होती. मी म्हटलं, इरा, चल. ती वळली नाही. भिंतीला म्हणाली, "वरची बोलावतेय. जाऊ का?"

मग मान जराशी कलती करून ऐकत बसली. मीही ऐकत होते. मला काही ऐकू आलं नाही... पण त्या खोलीत कुणीतरी विचार करतंय, एवढं मला कळत होतं. हे याहून बरं मला सांगता येत नाही.

"नको म्हणतेय," इरा म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. काखेत हात घालून तिला उचलायला गेले, तर उचलेना. रोज कडेवर घेते ती पोर! ती रडत नव्हती, धडपडत नव्हती, नुसती शांत बघत होती. मी ओरडले, त्या भिंतीला शिव्या दिल्या – खरंच दिल्या. ढिम्म. शेवटी मी, ड्रेनेजवाली इंजिनिअर, त्या पिवळ्या प्लास्टरबोर्डपुढे हात जोडले. म्हटलं, "एकच आहे हो मला. पाया पडते, द्या."

आणि इरा एकदम हलकी झाली. जिना कसा चढले आठवत नाही. ती दोघं परत येईपर्यंत इराला छातीशी धरून अनवाणी रस्त्यावर उभी होते.

सासूबाई गाडीतून उतरल्या तशी मी त्यांच्यावरच डाफरले. तिला एकटीला खाली कसं सोडत होतात तुम्ही? त्यांनी हातातली पिशवी तिथेच खाली ठेवली.

"एकटी कुठे, मुग्धा? दुपारी तू असायचीस ना खाली. तुझा आवाज यायचा. मला वाटलं, ऑफिस जवळ आहे, जेवणाच्या सुट्टीत खालच्या दारानं येऊन खेळून जातेस. म्हणून तर श्रेय तुझं म्हटलं मी."

त्या अख्ख्या महिन्यात मी एकदाही दुपारी घरी आलेली नाही.

समीरनं आणि मी नंतर तो प्लास्टरबोर्ड काढून बघितला. मागे कोरडी काँक्रीटची भिंत, तिच्यामागे डोंगर. कुणी म्हणालं लहान मुलांना काल्पनिक मैत्रिणी असतात, कुणी सासूबाईंच्या कानांना दोष दिला, कुणी माझ्या स्ट्रेसला. माझा आवाज तिथे कसा, आणि मराठी कुठून आलं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही.

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. इरा पुन्हा फक्त इंग्लिश बोलते आणि मी चकार शब्द काढत नाही. तिचं मराठी एकच वाक्य उरलंय. प्रीस्कूल सुटलं की बाकीची मुलं आयांकडे धावत सुटतात. ही थोडी लांब थांबते, मला नीट न्याहाळते आणि विचारते, "तू वरचीच ना?" मी हो म्हणते, मग येते जवळ. रोज हेच.

परवा मी हो म्हटलं तरी ती जागची हलली नाही.

"तीपण हो म्हणते," म्हणाली.