‘जाऊ दे’ म्हणजे खाली

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी क्रेनबाई गाडीच्या पोटाखाली होती. बाहेरून दिसत होते ते फक्त तिचे बूट आणि बुटांशेजारी एक गुलाबी प्लास्टिकची डबी. आत पाना दोनदा घसरला, तिसऱ्यांदा लागला. "आला एकदाचा," असं गाडीच बोलल्यासारखं ऐकू आलं आणि एक काळाकुट्ट हात बाहेर येऊन डबीत बोल्ट टाकून परत गेला.

डबी कवळी ठेवायची होती. क्रेनबाईचा नवरा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो, त्यामुळे त्या घरात हरवलेली प्रत्येक लहान वस्तू शेवटी अशाच एखाद्या डबीत सापडते. आज शेडमधल्या फळीवर अशा पुष्कळ डब्या ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर त्याच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट अर्धगोलात बसतात, म्हणून त्याने त्यांना जबड्याची नावं दिली होती. वरचा डावा सुळा, वरची डावी पहिली दाढ, असं.

"भावोजी, हा वाकडा बोल्ट म्हणजे अक्कलदाढ का?" धाकटीने विचारलं. ती क्रेनबाईची बहीण. उपड्या बादलीवर बसून चहा पीत होती.

"हात लावू नकोस. क्रम चुकेल."

"लावत नाहीये. विचारतेय."

"अक्कलदाढ काहींना येतच नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू उगाच वाट बघू नकोस."

गाडीखालून हसण्याचा आवाज आला.

गाडी दोन सीटांची, बसकी, लांब नाकाची. तिला तीस वर्षं कधीच उलटून गेली होती आणि मूळचा लाल रंग आता विटेसारखा दिसायचा. लग्नानंतर दोघं तिच्यातून खूप भटकले. पुढे इंजिन तेल प्यायला लागलं, मग धूर ओकायला लागलं, आणि गेली काही वर्षं गाडी शेडमध्ये चादर पांघरून पडून होती. मध्यंतरी धाकटीचा संसार मोडला. ती जनावरांच्या दवाखान्यात फोनवर बसते. तेवढ्या पगारात वेगळं घर जमेना, म्हणून बहिणीकडे आली आणि तीन महिने बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होती. सोफा तिच्या उंचीला वीतभर कमी पडायचा. घराला चिकटलेली शेड ही एकच जास्तीची जागा, आणि त्या जागेत गाडी.

गुरुवारी जेवताना नवरा-बायकोचं ठरलं. त्या इंजिनाचं खोकं ओतीव ॲल्युमिनियमचं. तसं आता कुठे बनत नाही, जुनंही मिळत नाही. ते अख्खं बाहेर आलं तर सोमवारी इंजिनवाला मिस्त्री टेम्पो घेऊन येईल, इंजिन नेऊन दुरुस्त करून देईल आणि गाडी शेडमध्येच राहील. काढताना कुठे तुटलं, तर पुढे वाद नको. गाडी भंगारात, शेडला खिडकी आणि खोली धाकटीची. अट तिघांनाही पटली, कारण इंजिन आपल्याच बाजूने वागेल असं प्रत्येकाला वाटत होतं.

क्रेनबाईला खोली हवी होती. तिने ते लपवलंही नव्हतं. आणि तरी इंजिन उचलायचं काम तिच्याकडेच आलं, कारण घरात ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

नळ्यांच्या कारखान्यात ती छपराखालच्या रुळांवर धावणारी क्रेन चालवते. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, खाली उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातांकडे बघायचं आणि ते हात सांगतील तेवढंच करायचं. खाली इतका गोंगाट असतो की कोणी जिवाच्या आकांताने ओरडलं तरी वर पोचत नाही. बावीस वर्षांत तिच्या हूकवरून एकही ओझं सुटलेलं नाही. ही गोष्ट ती स्वतः कोणाला सांगत नाही. सांगितलं की सुटतं, असं तिला वाटतं.

भाड्याने आणलेली क्रेन म्हणजे चाकांची एक लोखंडी घोडी होती. दांडा मारत राहिलं की तिचा हात वर चढतो, बाजूची कळ फिरवली की खाली येतो.

"हिला क्रेन म्हणतात?" गाडीखालून निघून कपडे झटकत क्रेनबाई म्हणाली. "खेळण्यांच्या दुकानातून आणलीत का?"

"पाव टन उचलते. आपल्याला तेवढं पुरे."

"बरं. खुणा तुम्ही करा. तोंडाने काही नको."

"खुणा कुठल्या हाताने करू? दोन्ही हात इंजिनाला लागणार. तिसरा बसवून घेऊ?"

मग शब्द ठरले. ‘घे’ म्हणजे वर, ‘थांब’ म्हणजे थांब आणि ‘जाऊ दे’ म्हणजे खाली. शब्द त्यानेच निवडले. चहात साखर कमी पडली तरी तो जाऊ दे म्हणतो, शेजाऱ्याने दारात गाडी आडवी लावली तरी जाऊ दे, आणि बायकोशी वाजलं की भांडणाचा शेवट त्याच्याकडून ह्याच दोन शब्दांनी होतो. हे त्या वेळी तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बॉनेट आदल्या दिवशीच उतरवून भिंतीला टेकवलं होतं. रेडिएटर, नळ्या, कार्बुरेटर, तारा, सगळं सुटं झालं होतं. गिअरबॉक्सखाली जॅकचा टेकू दिला होता. साखळी इंजिनाला अडकवून तिने दोनदा ओढून पाहिली, कड्या तपासल्या आणि दांडा मारायला लागली.

"घे," कवळीवाला म्हणाला. "घे. आणखी. थांब."

इंजिन आपल्या बैठकीवरून बोटभर उठलं. आता ते पुढे ओढून गिअरबॉक्सच्या दांड्यातून सोडवायचं होतं आणि मग नाक वर करून बाहेर काढायचं होतं. तो दोन्ही हातांनी त्याला डोलवत होता. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता, पुसायला हात मोकळा नव्हता. इंजिन कुरकुरत पुढे सरकलं.

"घे थोडं. थांब."

"ताई, खिडकी ह्या भिंतीत काढायची की त्या?" धाकटी म्हणाली.

त्याची मान ताठ झाली. "आधीच खिडकी?"

"मी सहज विचारलं, भावोजी."

"सहज कसलं. माप घेऊन बसलीयस सकाळपासून."

"तिच्यावर कशाला चिडता?" क्रेनबाई म्हणाली. "नसेल द्यायची खोली तर तोंडाने सांगा की तिला. तीन महिने नुसते गप्प बसलायत."

"जाऊ दे," तो म्हणाला.

तिने कळ फिरवली.

इंजिन चार बोटं खाली आलं. आधी ठक्क आवाज झाला, मग खडू मोडल्यासारखा एक लहान आवाज. त्याने हात वेळेवर काढले. कसे काढले, ते त्याला पुढे सांगता आलं नाही. तो "थांब" म्हणायच्या आत तिने कळ परत बंदही केली होती.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"जाऊ दे म्हणालो."

"मग दिलं जाऊ."

"अगं, ते विषयाला म्हणालो! इंजिनाला नाही!"

धाकटीने चहाचा कप जमिनीवर ठेवला. कवळीवाल्याने विजेरी घेतली आणि आत डोकं घातलं. उजव्या अंगाला, जिथे इंजिन गाडीच्या सांगाड्यावर बसतं, तिथला ॲल्युमिनियमचा कान चौकटीवर आपटून टोकाला तुटला होता. तुकडा त्याने चिमटीत धरून वर काढला. दाढेएवढाच होता. तो त्याने उजेडात फिरवून पाहिला, रोज कवळ्या पाहतो तसा, आणि मग बायकोकडे पाहिलं.

"मुद्दाम केलंस?"

आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. खोली हवी असणारी तीच, कळ तिच्याच हातात आणि बावीस वर्षांत एकही ओझं न सुटलेली बाईही तीच. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की कसं दिसतं ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.  कारखान्यात ओझं सुटलं की चालवणाऱ्याने त्या दिवशी पुन्हा कळीला हात लावायचा नाही, चूक कोणाचीही असो. तिने हातमोजे काढले आणि धाकटीपुढे धरले.

"ये इकडे. दांडा तू मार."

"मी? ताई, मी साधा टायर बदलला नाहीये कधी."

"माझ्या हातांकडे बघ. मूठ म्हणजे थांब. बोट वर म्हणजे वर, बोट खाली म्हणजे खाली, तेही हळू. कोणाचं काही ऐकायचं नाही. ह्यांचं तर मुळीच नाही."

ती गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. धाकटीने पहिले दोन दांडे भीतभीत मारले, मग लय सापडली. कवळीवाला ओठ मिटून इंजिन सांभाळत राहिला. बोट वर, मूठ, पुन्हा बोट वर. गिअरबॉक्सच्या दांड्यातून इंजिन सुटलं तेव्हा घोडी जराशी हलली, तशी मूठ घट्ट झाली आणि इंजिन लटकत शांत होईपर्यंत तशीच राहिली. मग घोडी मागे ओढून भिंतीकडे वळवली आणि इंजिन खाली लाकडी ओंडक्यांवर बसवलं. 

मोरीत हात धुताना बोलणं झालं.

"अख्खं नाही आलं," कवळीवाला म्हणाला. "ठरलं ते ठरलं. मिस्त्रीला येऊ नका म्हणून सांगतो."

"नका सांगू. ओझं माझ्या हातून सुटलं. मीच पाडायचं आणि मीच जिंकायचं, असं मला नको."

"शब्द माझा होता."

"कळ माझ्याकडे होती."

"म्हणजे तुमच्या दोघांच्या सचोटीपायी मी सोफ्यावरच," धाकटी म्हणाली.

 मग तिनेच तुटलेल्या कानाचा फोटो काढला आणि मिस्त्रीला पाठवून फोन लावला. मिस्त्री मोठ्याने बोलणारा होता, त्यामुळे तिघांनाही ऐकू आलं. "कान ना? जोडून देतो की. ॲल्युमिनियमला वेल्डिंग होतं, फक्त करणारा पाहिजे. तुकडा टाकू नका. पण दोन महिने धरा, माझ्याकडे रांग आहे."

कवळीवाला शेडकडे गेला. दोघी बहिणी मोरीपाशी राहिल्या.

"ताई," धाकटी म्हणाली, "ते पडलं ना, तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं."

"वाटणारच."

"तुला?"

क्रेनबाईने धुतलेल्या हातांना पुन्हा साबण लावला.  "बावीस वर्षांत पहिल्यांदा सुटलं. मला काय वाटलं असेल?"

"मग त्यांना सांगत का नाहीस?"

"विचारलं त्यांनी. विचारून झालं."

शेडमधून हाक आली. "अगं, दोघी जरा इकडे या."

त्याने गिअरबॉक्स दोराने सांगाड्याला बांधून खालचा जॅक काढला होता, हँडब्रेक सोडला होता आणि शेडचं मोठं दार सताड उघडलं होतं. इंजिन गेल्यामुळे गाडीचं नाक वर उचललं गेलं होतं, काहीतरी हुंगत असल्यासारखं. तो मागच्या बाजूला वाकून उभा होता.

"ढकला."

"कुठे?" क्रेनबाईने विचारलं.

"बाहेर, पत्र्याखाली."

"भिजेल. गंज धरेल. इतकी वर्षं तुम्हीच म्हणताय."

"ताडपत्री घालतो. दोन महिन्यांत काही होत नाही. इंजिन येईपर्यंत खोली हिची."

"आणि आल्यावर?" धाकटीने विचारलं.

"आल्यावर बघू. आधी खांदा लाव."

‘मुद्दाम केलंस?’ हा सकाळचा प्रश्न त्याने मागे घेतला नाही, पुन्हा विचारलाही नाही. क्रेनबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, तिने दोन्ही हात गाडीच्या मागच्या झाकणावर टेकवले आणि तिघांनी मिळून गाडी उंबऱ्यावरून बाहेर काढली. उतरताना गाडी एकदा आपटली. पत्र्याखाली ताडपत्री बांधून झाल्यावर कवळीवाल्याने शेडच्या जमिनीवरचं तेल भुशाने टिपायला घेतलं, पण वास जाईना. त्यामुळे त्या रात्रीपुरतं धाकटीचं अंथरूण सोफ्यावरच राहिलं.

मिस्त्रीचा टेम्पो सोमवारी सकाळी साडेसातला येणार आहे. दार धाकटी उघडेल, कारण क्रेनबाईची पाळी सहाला सुरू होते. पाळीतलं पहिलं ओझं उचलण्याआधी रिकामा हूक एकदा वर आणि एकदा खाली नेऊन पाहायचा, असा कारखान्याचा नियम आहे; उद्या क्रेनबाई तो दोनदा नेऊन पाहणार आहे.