झाकलेली पेज

देवबागला मी आठवडाभर एका घरी उतरलो होतो. दुपारी जेवताना लॅपटॉपवर अंतराळयानातल्या लोकांची मालिका लावायचो. जेवण वाढणारी बाई हातातला डाव तसाच धरून माझ्या मागे उभी राहायची. तिला गोष्टीत रस नव्हता, फक्त त्या लोकांच्या वाटीत होता, कारण प्रत्येक भागात ते सूपच प्यायचे.

"आज पण सूपच?" ती विचारायची. एकदा म्हणाली, "तेंका घराक कोण पेज झाकून ठेवूक नाय काय रे?"

तिचा नवरा पहाटे होडी घेऊन जायचा. त्याची पेज ताटलीखाली झाकलेली असायची, आणि तो येऊन जेवेपर्यंत ही तोंडात घास घालत नसे.

मी निघालो त्या सकाळी ती विहिरीवर होती. टेबलावर माझ्यासाठी पेज झाकून ठेवली होती. गाडी चुकेल म्हणून मी ताटली उचलूनही बघितली नाही, तसाच निघालो.

मालिकेचा शेवटचा भाग पुण्यात पाहिला. ते लोक एकदाचे घरी पोचले, तरी पुढ्यात सूपच आलं. हे सांगायला तीच हवी होती, पण मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

मी निघालो त्या दिवशी ती किती वाजता जेवली असेल?