तीन गाण्यांनंतरचं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. अशा दुष्काळात धाकट्याच्या वरातीला बँड कशाला, म्हणून आई दोन दिवस घुश्श्यात होती.

बँडमास्तरला मी त्या एकाच दिवशी पाहिलं. अंगात ढगळ लाल कोट, क्लॅरनेटला मध्येच दोरा गुंडाळलेला, आणि नजर कायम नाचणाऱ्यांच्या पायांवर. फर्माईश तो ऐकून घ्यायचा, वाजवायचा मात्र स्वतःच्या मनाचं. तीन उडती गाणी झाली, पोरांनी धुरळा उडवला. पाण्याचा बॅरल ठेवलेल्या गाडीपाशी येताच त्यानं हात वर केला. बँड थांबला. पोरं पाण्यावर तुटून पडली.

मी वैतागलो. "मास्तर, आत्ता कुठं रंगात आलं होतं!"

"साहेब, पोरं पाण्याला गेल्याबिगर बाया रस्त्यावर येत न्हाईत. आता बघा."

त्यानं संथ, जुनी चाल धरली. मोकळ्या रस्त्यावर आधी आत्या आली, मग मावश्या. त्यांनी आईला हाताला धरून ओढलं. 'न्हाई गं, न्हाई' म्हणता म्हणता आईनं पदर खोचला आणि ठेक्यावर पाऊल टाकलं. तिला नाचताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

दोन गाणी झाली. पाणी पिऊन आलेली पोरं घाई करू लागली. मास्तरनं बँड थांबवायला हात वर केला, आईच्या पायांकडे पाहिलं, आणि तोच हात पोरांकडे वळवला: थांबा.