तोडलेलं दहाचं नाणं

सन दोन हजार सतरा. माझं वय तेव्हा एकाहत्तर. शाळा चौथीत सुटली, पण धातू मला कळतो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. गोरेगावच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं बिल्ल्यांचे आणि शाळेच्या पदकांचे छाप कोरले. पितळ फरशीवर टाकलं की आवाजावरून सांगायचो, ओतीव आहे की दाबलेलं. शेठसुद्धा आधी मला विचारायचे.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा मुलुंडला. रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो आणि ठेवतो. चाळीत माझ्या दाराशी थांबणारं माणूस एकच, वर्सोव्याची मासेवाली. बायकोची जुनी ओळख. बुधवारी-शुक्रवारी पाटी उतरवून उंबऱ्यावर बसायची, मी चहा टाकायचो. ती बोलायची, मी ऐकायचो. एकट्या माणसाला मांदेली लागतात किती? तरी मी पुरा वाटा घ्यायचो. साफ करायला तेवढाच जास्त वेळ बसेल.

त्या वर्षी दहाच्या नाण्यांची बोंब उठली होती. म्हणे दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. रिक्षावाले घेईनात, वाणी घेईना. एका बुधवारी तिनं सुट्टे म्हणून मला दहाचं नाणं दिलं. मी ते फरशीवर टाकलं. ढब्ब. नाणं कसं, खणकन बोलायला हवं. मी म्हटलं, खोटं आहे. ती म्हणाली राहू दे, दुसरं घे. विषय तिथंच संपला असता.

पण शेजारी आपापल्या दारांत उभे होते, आणि मला चेव आला. सगळ्यांना कायदा ऐकवला. खोटं नाणं पाडणाऱ्याला तुरुंग, आणि माहीत असून चालवणाऱ्यालाही तुरुंग. आमच्या कारखान्यात खोटं नाणं आलं की शेठ ते छन्नीखाली तोडायला लावायचे, पुन्हा कुणाला मोह नको म्हणून. मी आतून छन्नी-हातोडा आणला आणि उंबऱ्याशी बसून त्या नाण्याचे दोन तुकडे केले.

ती बघत होती. म्हणाली, "दादा, म्हणजे माहीत असून मी तुझ्याकडं खपवायला आणलं?"

इथं गप्प बसायचं होतं. मी म्हटलं, "आणलं तर तूच ना."

तिनं चहा तसाच ठेवला आणि पाटी डोक्यावर घेतली.

शुक्रवारी तिची हाक ऐकू आली. शेजारच्या दाराशी थांबली, माझ्या दारावरून सरळ गेली, पलीकडे पुन्हा थांबली. मीही दार ओढून घेतलं. आपण का वाकायचं? दोन महिने अंडी खाल्ली. मच्छीबाजार काही लांब नाही, पण गेलो नाही. बुधवारी दोन कपांचं आधण ठेवायची सवय तेवढी जाईना. उरलेला चहा मोरीत ओतायचो. घरात दिवस दिवस आवाज म्हणून कसला नसायचा.

मग एकदा पासबुक भरायला बँकेत गेलो. खिडकीवरची पोरगी एका म्हाताऱ्याला दहाची नाणी देत होती, दोन्ही तऱ्हेची. मी तिला हटकलं. ती म्हणाली, सगळी खरी आहेत, बाहेर कागद लावलाय तो वाचा. मी म्हटलं, आवाज ऐक आधी. तर म्हणते, यात दोन धातू असतात, एकात एक बसवलेले, आवाज वेगळाच येणार.

बत्तीस वर्षं धातूत काढलेली. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं की नको?

पोलिसांना दाखवीन म्हणून ते तुकडे मी पासबुकाच्या पिशवीतच ठेवले होते. खिडकीतून आत सरकवले. तिनं पाहिले आणि हळूच परत सरकवले. "आजोबा, हे कुणाला दाखवू नका. खरं नाणं तोडणं हाच गुन्हा आहे."

बँकेतून घरी गेलो नाही. विचारत विचारत वर्सोव्याला गेलो. ती बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मला पाहिलं, पण हात थांबवला नाही. मी बायकोचीसुद्धा कधी माफी मागितली नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करतात ते ठाऊक नव्हतं. कसंबसं बोललो. नाणं खरं होतं, चूक माझी.

ती म्हणाली, "हितं कोण ऐकतंय? चाळीत बोललास ना सगळ्यांसमोर? मग चाळीतच सांग."

आणि तिनं पुढचा बांबू भरायला घेतला. मी आलो तसा परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या खोलीपासून दारं वाजवायला लागलो. आमच्या ओळीत माझी सोडून आठ खोल्या. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, तिचं नाणं खरं होतं, मी फुकट तिला चोर ठरवलं. कुणी मान डोलावली, एक जण दात घासता घासता हसला. शेवटच्या खोलीत कालपरवाच आलेले भाडेकरू होते. त्यांना ना ते नाणं ठाऊक, ना ती मासेवाली. त्यांनाही उभं करून सगळं पहिल्यापासून सांगितलं.