पुंजाराम मास्तरांची मुदत

पुंजाराम मास्तर शाळेत कधीच मास्तर नव्हते. शेवगावकडच्या एका गावात, ख्रिस्ती वस्तीतल्या कौलारू प्रार्थनामंदिरात ते दर रविवारी उपदेश करत, एवढ्यावर गावानं त्यांना मास्तर करून टाकलं होतं. उपदेश प्रेमावर असला की लोक पेंगत. बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे राष्ट्रांवर कडाडू लागले की ऐकू न येणारी म्हातारीसुद्धा मान वर करी. खरं सांगायचं तर मास्तरांनाही प्रेमापेक्षा न्यायच बरा वाटे. घसा मोकळा होई.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि मास्तरांचं नशीब फळफळलं. पारावरच्या रेडिओनं सांगितलं, की अमेरिकेचं सातवं आरमार आपल्या समुद्राकडं निघालंय. त्या रविवारी मंदिराच्या दारात निम्मं गाव गोळा झालं. जन्मात तिथला उंबरा न शिवलेले गहिनीनाथ पाटीलही होते. मास्तरांनी जुन्या करारातली निनवे नगरी काढली. जगाला धाक घालणारं मातलेलं शहर. देव मंदक्रोध, लवकर न रागावणारा, त्यानं पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, आणि मग असा न्याय केला की तिथं नुसती मेंढरं चरली.

इथं थांबले असते तर सगळं निभलं असतं. पण दारातली गर्दी पाहून मास्तरांना चेव आला.

"अमेरिका म्हंजे आजची निनवे! वर्साच्या आत देव तिचा न्याय करील. आन्‌ त्या देशाचा दाना माज्या तोंडात कदी जानार न्हाई!"

जी मुदत खुद्द देवानं कुणाला सांगितली नव्हती, ती मास्तरांनी देऊन टाकली. टाळ्या पडल्या. गहिनीनाथ पाटलांनी पारावर बसवून चहा पाजला. अमेरिकेचा दाणा आपल्या चुलीवर शिजला होता तरी कधी, एवढंच मास्तरांच्या बायकोला, रतनबाईला, कळेना.

पुढच्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. न्याय झाला, पण पत्ता चुकून तो शेवगावकडं झाला. बाजरी औषधालाही मिळेना. मास्तर, रतनबाई, इतकंच काय गहिनीनाथ पाटीलही रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. आणि रेशनच्या दुकानात आली ती लाल मिलो ज्वारी, थेट अमेरिकेतून, बोटीनं.

"मास्तर, निनवे कवा पडायची हो?" पाटील हातोडा खाली ठेवून विचारत. "का तिकडं बी दुष्काळी काम काडलंय?"

बाया तोंडाला पदर लावून हसत. मास्तर पुढचा दगड ओढून खडी फोडत.

घरी रतनबाई स्वतःपुरती मिलोची भाकरी थापी आणि मास्तरांपुढं हुलग्याचं माडगं ठेवी.

"शपत तुमी घेतलीया, म्या न्हाई," ती म्हणे, आणि त्यांच्यासमोरच खाई. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याच्या तोंडापायी उपाशी मरायची तिची तयारी नव्हती. डब्यातले हुलगे सरत आले, तसं माडगं पातळ होत गेलं. मास्तरांची मान मात्र ताठ. सगळ्या गावादेखत दिलेला शब्द गिळायचा कसा?

एका दुपारी हातातून हातोडा गळाला आणि मास्तर खडीवरच कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा डोकं पाटलांच्या मांडीवर होतं, आणि पाटील आपल्या फडक्यातली भाकरी मोडून त्यांच्या तोंडात घालत होते. भाकरी लालभडक होती. मास्तरांनी खाल्ली. सगळी खाल्ली, आणि लाजेनं लहान पोरासारखे रडले. पाटील त्या दिवशी एक शब्दही चेष्टेचा बोलले नाहीत.

रविवारी दारात पुन्हा गर्दी. मास्तर आता काय तोंड दाखवतात, हे गावाला बघायचं होतं.

मास्तरांनी पुन्हा निनवेच काढली. आवाज मात्र खालचा होता.

"देव मंदक्रोध हाय, आसं म्या लई सांगितलं. पन मलाच त्येचा धीर बगवंना. म्या त्येला घाई करीत हुतो. त्येनं माजं आयकलं आसतं, तर ह्या साली आपन खाल्लं काय आसतं?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी डोळे मिटून हात जोडले.

"परभू, निनवेचा न्याय तू करशीलच. पन आमची सुगी घरात येईस्तवर तेवढा दम धर."

दारातून सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' आलं, ते गहिनीनाथ पाटलांचं.