बिरोबापुढचा मेंढा

मंठ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. टेस्टर लावल्याशिवाय वायरमध्ये करंट आहे हेसुद्धा मी मानत नाही... देवाधर्माचं तर सोडाच. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून लिहितोय.

माझी मामी वाटूरजवळच्या एका गावात राहते. बांधाच्या भांडणात शेजारच्या शेतातल्या भास्करनं माझ्या मामाला आणि त्याच्या पोराला, विष्णूला, कुऱ्हाडीनं मारलं. खालच्या कोर्टानं भास्करला फाशी सुनावली. हायकोर्टाच्या निकालाच्या आदल्या दिवशी मामी घरचा मेंढा घेऊन बिरोबाच्या देवळात निघाली — फाशी कायम राहावी म्हणून. मीही सोबत गेलो. आमच्यात रीत आहे, मागणं मागायचं आणि मेंढ्याच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं की देवानं कबूल केलं! मला हसूच आलं. ओला मेंढा अंग झाडणारच की...

भर दुपार होती. मामीनं मेंढ्याला भंडारा लावला, मागणं मागितलं, तांब्या ओतला. मेंढा नुसता उभा. मग अख्खी बादली ओतली. मी स्वतः त्याच्या कानात पाणी सोडलं. पाणी ठिबकत होतं आणि तो हूं की चूं न करता मामीकडे बघत होता.

"मामी, राहू दे आता," मी म्हणालो.

मामी मटकन खाली बसली. "देवा, माझं लेकरू गेलं... तरी न्हाई म्हन्तोस?" मग अगदी हळू म्हणाली, "मंग भास्करला फाशी होऊ नये, असं म्हन्तोस का?"

मेंढ्यानं शिंगांपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की आम्ही दोघं भिजलो. हात कधी जोडले गेले, कळलंही नाही.

मामी तडक भास्करच्या आईच्या दारात गेली. खून झाल्यापासून तिनं त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. "माय, तुझ्या लेकराचा जीव मला न्हाई पायजे. जलमभर आत राहू दे, पर जित्ता राहू दे." म्हातारी उंबऱ्यातच तिच्या पायांवर कोसळली. मामीनं तिला उठवून कवटाळलं आणि विष्णू गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. फाशी रद्द, जन्मठेप. तो योगायोग असेल, निकाल आधीच ठरलेला असणार, हे मला पटतं. पण मेंढ्याचं काय? नंतर मी मुद्दाम कितीदा तरी त्याच्यावर पाणी टाकून पाहिलं. चार थेंब पडले तरी लगेच अंग झाडतो!

"त्याला कशाला तरास देऊन राह्यला?" मामी म्हणते. "मला आता झोप लागती, बस्स झालं."

मेंढ्यावर पाणी टाकणं आता मी सोडलंय.