रंगाखालचा दांडा

हातोड्याचा दांडा सुतारकाका नखाने खरवडू लागले, तसा दुकानदार भडकला. "काका, हातोडा घेताय की सून बघताय?"

रंग निघाला. खाली लाकडाच्या रेषा आडव्या होत्या. असला दांडा घाव घालताना मोडतो आणि हातोड्याचं लोखंडी डोकं उडून समोरच्यावर जातं. काकांचा डावा डोळा असाच गेला होता. उद्यापासून त्यांची लेक एकटी सुतारकामाला जाणार, म्हणून जिवाला घोर लागला होता.

शेवटी सरळ रेषांचा, बिनरंगी हातोडा मिळाला. काकांनी तो सोबत आलेल्या लेकीच्या हाती दिला, पायरीवर ठोकळा ठेवला आणि स्वतः पलीकडे, तिच्या समोर उभे राहिले. "हाण जोरात."

तिने उगारलेला हातोडा खाली घेतला. "बाबा, बाजूला व्हा ना!"

"मी समोर असताना मारण्याइतका याचा भरवसा नसेल, तर विकत कशाला घ्यायचा?"